३५ सेंटांची मागणी

मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टनचे कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत, सामान्य लोकांसाठी बंद झाली. प्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन गाऱ्हाणे मांडायची सोय गेली, मतदारसंघातल्या सभा थांबल्या, कर्मचारी घरून काम करू लागले. आणि लोकांकडे सांगण्यासारखे तर डोंगराएवढे होते. मास्क मिळत नव्हते, नोकऱ्या जात होत्या, घरभाडी थकत होती. फोन होते, ईमेल होते. तरीही कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलावर पोस्टकार्डांचे गठ्ठे आले.

ही सवय करोनाच्या आधीची. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकाभर निघालेल्या महिला मोर्चानंतर संयोजकांनी लोकांना पहिले काम सांगितले ते हेच, आपल्या सिनेटरला पोस्टकार्ड लिहा. मग एकत्र जमून कार्डे लिहिणारे गट ठिकठिकाणी तयार झाले. महासाथीत ते झूमवर बसू लागले. २०२० मध्ये कार्डाला ३५ सेंटांचे तिकीट लागे, पाकिटाला ५५ सेंटांचे.

पण कार्ड निवडण्यामागे पैशांपेक्षा मोठे कारण होते. २००१ च्या शरद ऋतूत सिनेटर टॉम डॅशल आणि पॅट्रिक लेही यांच्या नावाने अँथ्रॅक्सची भुकटी भरलेली पाकिटे आली. त्या हल्ल्यांत एकूण पाच माणसे दगावली. त्यातले थॉमस मॉरिस आणि जोसेफ कर्सीन हे वॉशिंग्टनच्या टपालकेंद्रातले कामगार. ती पाकिटे ज्या केंद्रातून गेली, तिथेच ते काम करत होते. आज त्या केंद्राला दोघांची नावे आहेत. तेव्हापासून संसदेच्या पत्त्यावरच्या टपालाची आधी बाहेर कसून तपासणी होते. जंतू मारण्यासाठी किरणांच्या माऱ्यातून गेलेला कागद पिवळा, ठिसूळ होऊन हाती पडतो. बंद पाकीट या फेऱ्यात कित्येक दिवस अडकते. कार्ड फोडावे लागत नाही आणि त्यात काही दडवताही येत नाही. म्हणून अनुभवी मंडळी कार्ड लिहा असेच सांगत.

दुसरा सल्ला असे, मजकूर आपला हवा. एकाच छापील मजकुराची शेकडो कार्डे आली की कार्यालयात त्यांची गणती होते, एवढेच. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या घरातली गोष्ट सांगणारे कार्ड वाचले जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

त्या वर्षी अशा गोष्टींना तोटा नव्हता. एक आपल्या माणसांच्या जवळची आहे. २७ मार्च २०२० ला केअर्स कायदा झाला. प्रौढांना १,२०० डॉलर, मुलामागे ५०० डॉलर आणि बेकारांना आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळणार होते. मात्र नवराबायकोने एकत्र विवरणपत्र भरले असेल आणि दोघांपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर लष्करातल्यांचा अपवाद सोडून सगळ्या कुटुंबालाच काही नाही. एच-१बी व्हिसावर गेलेल्या मराठी घरांत जोडीदार बऱ्याचदा एच-४ या आश्रित व्हिसावर असतो. कामाचा परवाना नसेल तर त्याच्याकडे तो क्रमांकही नसतो. कर भरायचा सगळ्यांसारखा, मूल जन्माने अमेरिकी नागरिक, आणि मदत शून्य. हा सरळ अन्याय होता. अशा घराला मत नसते, पण प्रतिनिधी तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचा असतो आणि त्याला लिहायला नागरिकत्व लागत नाही.

उन्हाळ्यात मागणीच बदलली. जे टपालखाते ही कार्डे वाहून नेत होते, तेच वाचवा म्हणून कार्डे लिहायची वेळ आली. टपालखात्याचा रोजचा खर्च करातून नव्हे, तिकिटांतून चालतो. पैसे सप्टेंबरअखेर संपतील, असे त्याच्या प्रमुख मेगन ब्रेनन यांनी एप्रिलमध्येच बजावले होते. जूनमध्ये लुई डीजॉय यांनी सूत्रे घेतली आणि जादा तासांवर, जादा फेऱ्यांवर बंधने आली. छाननीची शेकडो यंत्रे आणि रस्त्यांवरच्या निळ्या टपालपेट्या हटवल्या जाऊ लागल्या. औषधे उशिरा पोहोचू लागली. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उघड सांगितले की या खात्याला पैसे मिळाले नाहीत तर सर्वांना टपालाने मतदान करता येणार नाही. लोक खवळले. १८ ऑगस्टला डीजॉय यांना बदल निवडणुकीपर्यंत थांबवावे लागले. २२ ऑगस्टला प्रतिनिधीगृहाने २५ अब्ज डॉलरचे विधेयक २५७ विरुद्ध १५० मतांनी मंजूर केले. नोव्हेंबरमध्ये शंभरातल्या सुमारे ४३ मतदारांनी टपालाने मत दिले.

सिनेटने मात्र ते विधेयक चर्चेलाही घेतले नाही. त्याआधी मे महिन्यात प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेले हीरोज हे मदत विधेयकही सिनेटचे बहुमतनेते मिच मॅकॉनेल यांनी तसेच पडू दिले. ६०० डॉलरचा जादा भत्ता जुलैअखेर संपला, आणि संसदेचा पुढचा मोठा मदत कायदा झाला २७ डिसेंबरला. मधल्या पाच महिन्यांची उपासमार टाळता आली असती, हे माझे ठाम मत आहे. त्या डिसेंबरच्या कायद्याने बेकारांना आठवड्याला ३०० डॉलर दिले, टपालखात्याचे १० अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेल्या जोडीदाराचा व मुलांचा हक्क मागील हप्त्यासकट मान्य केला. एप्रिल २०२२ मध्ये टपाल सुधारणा कायदाही झाला. निवृत्तांच्या आरोग्यविम्यासाठी आगाऊ पैसे साठवण्याची २००६ पासूनची सक्ती त्याने काढून टाकली. यातले किती कार्डांनी घडवले आणि किती फोन, मोर्चे, न्यायालयातल्या दाव्यांनी, याची वाटणी करता येणार नाही. मागणी थांबली नाही, एवढे नक्की.

आपल्याकडे आमदार-खासदाराला लिहिणारे कमी नाहीत, पण अर्ज बहुधा मोघम असतो. लिहाल तेव्हा एका कार्डावर एकच मागणी लिहा. आपल्या घरात काय घडले ते दोन ओळींत सांगा. मतदारसंघ, पिनकोड आणि तारीख घाला. उत्तर आले नाही तर महिन्याभराने पुन्हा लिहा.