जाणत्या हातांची हॉटेलं

१९८५ साली जपानमधल्या मात्सुशिता कंपनीचे अभियंते घरगुती पावाच्या यंत्रापाशी अडले होते. पाव वरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि कसबी बेकरने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटो काढून झाले, तरी मेख सापडेना. शेवटी कंपनीतल्या सॉफ्टवेअर विभागाच्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली उमेदवारी करायला गेल्या. पीठ ओढताना तो त्याला एक विशिष्ट पीळ देतो, हे त्यांनी शेजारी उभं राहून हेरलं. मग यंत्राच्या आत खास कंगोरे बसवले आणि पाव जमला. इकुजिरो नोनाका यांनी १९९१ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही हकीकत लिहिली. व्यवस्थापनाच्या वर्गांत ती आजही यंत्राची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती हॉटेलची गोष्ट वाटते. शहरात नावाजलेला पाव ज्या कसबावर उभा होता, ते एका माणसाच्या मनगटात होतं.

पंचतारांकित हॉटेलात खोली, पलंग, संगमरवर पैसे टाकून कुणालाही उभं करता येतं. पाहुणा परत येतो तो ओळख ठेवली जाते म्हणून, आणि ही ओळख हॉटेलातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसांकडे जमा होते. पाहुणा दोन उशा घेतो की चार, रात्री एसी बंद करतो का, फळांच्या टोपलीतलं काय तसंच राहतं, हे हाउसकीपिंगवाल्याला दिसतं, जनरल मॅनेजरला नाही. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, तर पाळी संपताच ती माहिती त्याच्याबरोबर घरी जाते.

रिट्झ-कार्लटनने ही गळती थांबवायचा चांगला बंदोबस्त केला. कर्मचाऱ्यांच्या खिशात छोटं टिपणवहीचं पॅड असायचं. दिसलेली आवड त्यावर उतरवायची, ती संगणकातल्या नोंदीत जायची आणि पाहुणा त्याच साखळीच्या दुसऱ्या हॉटेलात उतरला तरी तिथे ती आधीच पोचलेली असायची. जोडीला रोज प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सगळ्यांची उभ्या उभ्या बैठक. पण माझ्या दृष्टीने खरी कळ वेगळीच आहे. पाहुण्याची अडचण सोडवायला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा तिथल्या साध्या कर्मचाऱ्यालाही मिळाली. माहिती असून हात बांधलेले असतील, तर ती माहिती काय कामाची? १९९२ आणि १९९९ अशी दोनदा या कंपनीने अमेरिकेतली माल्कम बॉल्ड्रिज गुणवत्ता पारितोषिकं मिळवली.

आपल्याकडे मुंबईच्या ताज हॉटेलचा अभ्यास रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी केला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ताजचे अकरा कर्मचारी पाहुण्यांना वाचवताना मारले गेले. बाराशे ते पंधराशे पाहुणे बाहेर पडले. टेलिफोन ऑपरेटर पुन्हा आपल्या जागी येऊन बसल्या आणि खोलीखोलीत फोन करून दिवे बंद ठेवा, बाहेर पडू नका, असं सांगत राहिल्या. स्वयंपाकघरातल्या लोकांनी पाहुण्यांभोवती आपल्या शरीरांचं कडं केलं. कुठल्याही नियमपुस्तिकेत हे लिहिलेलं नव्हतं.

मग ते आलं कुठून? संशोधकांनी भरतीपासून माग काढला. ताज समूह मुलं निवडायचा ती मुंबईपेक्षा पुण्यासारख्या ठिकाणची, दिल्लीपेक्षा चंदीगड-डेहराडूनची. इतर हॉटेलं बारा महिने शिकवायची, तिथे अठरा महिने. शिकवणारे बाहेरचे सल्लागार नव्हते, रोजच्या कामातले मॅनेजरच होते, म्हणजे पुस्तकात न मावणारं कसबही सहवासातून उतरत गेलं. चोवीस तासांच्या मुक्कामात पाहुण्याची कर्मचाऱ्यांशी चाळीस-पंचेचाळीस वेळा गाठ पडते आणि त्यातल्या बहुतेक वेळी वरिष्ठ जवळ नसतो, हा हिशोब त्यामागे होता. २००१ पासूनच्या ‘स्टार्स’ योजनेत पाहुण्यांच्या, सहकाऱ्यांच्या शाबासकीला आणि कर्मचाऱ्याने सुचवलेल्या सुधारणेलाही गुण होते. खालून आलेली सूचना रद्दीत जात नाही, हे दिसलं की माणूस आणखी सांगतो.

पाहुण्यांविषयी ठेवलेल्या नोंदींची दुसरी बाजूही गंभीर आहे. स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षण यंत्रणेत २०१४ पासून घुसखोरी सुरू होती. मॅरियटने २०१६ मध्ये ती साखळी विकत घेतली आणि २०१८ मध्ये हा प्रकार उघड झाला. पाहुण्यांच्या कोट्यवधी नोंदी, पासपोर्ट क्रमांकांसह, चोरीला गेल्या होत्या. २०२० मध्ये ब्रिटनच्या नियामकाने मॅरियटला १.८४ कोटी पौंडांचा दंड केला. पाहुण्याने विश्वासाने दिलेली माहिती जपणं हाही सेवेचाच भाग आहे, आणि तिथे ढिलाई झाली तर उशांची आवड लक्षात ठेवल्याचं कौतुक कुणी करणार नाही.

हॉटेल चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी रात्रपाळी सुटताना एकदा तिथे उभे राहा, एक पाळी दुसऱ्या पाळीला काय सांगते ते ऐका. आणि तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षं काढलेला जो स्टुअर्ड किंवा आचारी पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे, त्याच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा आजच द्या.