घोडकाठचा मूळपुरुष

शाळेत वंशावळ मागितली म्हणतोस? मग घे वही. तुझं नाव, तुझ्या बापाचं, माझं, माझ्या वडलांचं, त्यांच्या वडलांचं. झाल्या पाच पिढ्या. त्याच्या मागचं पाहिजे असेल तर नाशिकला क्षेत्रोपाध्यांकडं जावं लागेल. घरातलं कोणी अस्थी घेऊन गेलं की ते गाव-आडनाव विचारतात आणि चोपड्यात नावं टिपून ठेवतात. पण तो चोपडासुद्धा काही पिढ्यांमागं गप्प होतो. आपल्या केंदूरला कान्होराज पाठकांचं नाव आहे. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळातले मानतात त्यांना. म्हणजे सातशे वर्षं झाली. त्याच्याही मागं काय, ते कुणाच्या वहीत नाही.

पण या शिरूर तालुक्यात पहिल्यांदा कुणीतरी आलंच असेल ना? इथं झाडोरा साफ केला, चार मेढी रोवल्या, मूठभर बी टाकलं आणि म्हणालं, आता इथंच राहायचं. त्या माणसाचं नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही. तरी त्याच्या चुलीवर काय शिजायचं, घराला खोल्या किती होत्या, कुठल्या पिढीची पोरं उपाशी राहिली, हे सगळं कळलंय. माझ्या पणज्याबद्दल मला एवढं सांगता येणार नाही.

थांब गं, तूही बस इकडं. ही गोष्ट तुझ्या दुधाच्या दातापर्यंत येणार आहे.

आपण तालुक्याच्या पश्चिम टोकाला. आग्नेयेला, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. तिथल्या पांढरीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी माणसं. साल नीट ऐक. मधे १९७२ आलं. त्या दुष्काळात आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, नालाबांध घालत होतो, सुकडी खात होतो. आणि आपल्याच तालुक्यात दुसऱ्या टोकाला, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी काढलेला पाट मातीखाली पडलेला होता! आम्हाला काय पत्ता. पत्ता असता तरी खडी फोडायचीच होती म्हणा.

तर तो पहिला शेतकरी आला इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला. छत्तीसशे वर्षं झाली. त्याची मडकी नर्मदाकाठच्या महेश्वर-नावडाटोलीला सापडलेल्या मडक्यांच्या घराण्यातली. म्हणून त्या काळाला माळवा म्हणतात. पुढं दोनशे वर्षांनी मडक्यांची धाटणी बदलली. पातळ, खणखणीत वाजणारी, तांबड्या अंगावर काळी नक्षी. तशी मडकी आधी संगमनेरजवळच्या जोर्वे गावात सापडली होती, म्हणून त्या काळाचं नाव जोर्वे. तेवढं लक्षात ठेवलंस की पुरे.

आता सांग, एवढा मुलूख पडलेला असताना त्यानं घोडेचाच काठ का धरला?

नदी होती म्हणून. बरोबर, पण अर्धंच. आपली वेळ नदीसुद्धा नदीच आहे. पावसाळ्यात भीमाशंकराला जाऊन बघ, ढग झाडांत अडकून पडलेले असतात. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर चढतो, चढता चढता गार होतो, गार झाला की त्यातलं पाणी सुटतं. डोंगर ओलांडून वारा खाली उतरला की तो पुन्हा तापतो, आणि तापलेला वारा पाणी सोडत नाही, धरून ठेवतो. भीमाशंकराच्या माथ्यावर वर्षाला काही मीटर पाऊस पडतो आणि शिरूरला जेमतेम अर्धा मीटर. सावली उन्हाची असते तशी पावसाचीही असते, आणि आपण त्या सावलीत बसलोय. घोड निघते ती त्या ओल्या डोंगरातून, आहुप्याकडून. तिच्या काठी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ढग नसला तरी लांबच्या घाटातलं पाणी पायाशी येतं. आपली वेळ मात्र मुख्य रांगेतून येत नाही, खेड तालुक्यातल्या डोंगराच्या एका सोंडेवरून येते. म्हणून थिटेवाडीचा बंधारा भरला की गावात पेढे, आणि नाही भरला की टँकरची वाट. त्या माणसानं नकाशा पाहिला नव्हता. उन्हाळ्यात कुठल्या नदीच्या डोहात पाणी राहतं, एवढंच पाहिलं असणार.

दुसरं कारण पायाखाली होतं. काळी माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्याचा हा काळा पाषाण झाला. पावसानं, उन्हानं तो झिजला आणि त्यातून चिकणमाती झाली. तिचे कण पाणी आत घेऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. चैत्रात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना? वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घरंगळते, पाऊस आला की फुगते, खालची वर ढकलली जाते. म्हणजे ही जमीन थोडीफार स्वतःच स्वतःला पालथी घालते. आणि पावसाळा संपल्यावरही पोटात ओल धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीचं पीक निघतं. लोखंडाचा फाळ नसलेल्या माणसाला अशी जमीन म्हणजे मोठाच आधार. इनामगावाजवळच्या वाळकीला हाडाचा फाळ मिळालाय. हाडानं नांगरायचे रे!

पिकवायचे काय? सातू. म्हणजे जव. तो मुख्य. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. रानातली बोरं खायचे. आपली ज्वारी, बाजरी? ती धान्यं मूळची आफ्रिकेतली. आणि मिरची आली अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या जहाजातून, अगदी परवा म्हणजे चार-पाचशे वर्षांपूर्वी. तेव्हा त्या घरात ठेचा नव्हता. तुझ्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, मग जेवण घशाखाली उतरायचं कसं?

आता तू विचारशील, सातू तीन हजार वर्षं टिकला कसा? आपल्या कणगीत तर दोन पावसाळ्यांत सोंडे होतात. टिकला तो जळलेला. धान्य भाजताना चुलीत सांडलं, किंवा घराला आग लागली, आणि दाणा राख न होता कोळसा झाला. कोळशाला कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. दाण्याची चीर, पोट, टोक सगळं जसंच्या तसं. खणलेली माती पाण्यात टाकायची, माती बुडते, काळे दाणे वर येतात. डेक्कन कॉलेजातले काजळे असे दाणे भिंगाखाली धरून हा सातू, हा हुलगा, असं सांगायचे. म्हणजे त्या घरच्या बाईनं चांगलं राखलेलं धान्य सगळं गेलं, आणि तिच्या हातून करपलेलं तेवढं राहिलं.

त्याच कोळशातून वयही निघतं. आकाशातून सतत बारीक किरणं येतात. वरच्या हवेत त्यांच्यामुळं कार्बनचा एक जड प्रकार तयार होतो, त्याला कार्बन-१४ म्हणतात. झाडं हवेतून तो घेतात, झाडांतून तो आपल्यात येतो. तुझ्यात आहे, माझ्यात आहे, त्या म्हशीत आहे. जिवंत आहोत तोवर भरती चालू. पीक कापलं की भरती बंद, आणि आतला साठा हळूहळू मोडू लागतो. ५,७३० वर्षांत निम्मा. ऊन असो, पाऊस असो, त्याचा वेग बदलत नाही. विलार्ड लिबी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला या युक्तीसाठी १९६० मध्ये नोबेल मिळालं. कोळशात त्यातलं दोन तृतीयांश उरलं असेल तर समजायचं, पीक कापून सुमारे साडेतेहतीसशे वर्षं झाली. कर गणित हवं तर.

घर कसं होतं? पहिल्या लोकांचं ऐसपैस, लांबट चौकोनी. कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा लेप, मधे अर्धी भिंत घालून दोन भाग. धान्याची मोठी रांजणं जमिनीवर न ठेवता सपाट दगडांवर टेकवायचे. जोर्वेच्या पहिल्या काळात भरभराट झाली. घरं ओळीनं, मधून बोळ. पुराचं पाणी वळवायला दगडमातीचा बांध घातला, त्याला जोडून पाट काढला. आता पाट काही एकट्यानं निघत नाही. चार घरं एकत्र यावी लागतात, पाण्याची पाळी ठरावी लागते, आणि भांडणं झाली की कुणीतरी मिटवावी लागतात. आमच्या काळात बारीवरून डोकी फुटलीत, मी पाहिलंय. तर त्या गावात पाच खोल्यांचं एक घर निघालं, शेजारी धान्याचं कोठार. पाळी ठरवणारा बहुधा तिथंच राहत असावा.

आता तुझ्या दाताकडं येऊ. घाबरू नकोस हं, जुनी गोष्ट आहे. त्या लोकांची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं तर घरातच, जमिनीखाली पुरायचं. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे, सोबत छोटी भांडीकुंडी. मोठ्यांचे पाय घोट्यापाशी तोडायचे. ढवळीकरांचं म्हणणं, गेलेलं माणूस घर सोडून निघून जाऊ नये म्हणून. मला यात क्रूरपणा दिसत नाही, लळा दिसतो. आपल्या जमिनीत चुनखडी असते, त्यानं हाडं टिकतात. म्हणून घराण्याची दफ्तरं घराच्या जमिनीतच सापडली.

दुधाचे दात आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात. त्यावरचं कवच एकदाच बनतं. हाड मोडलं तर सांधतं, कातडी भरून येते, दाताच्या कवचाची मात्र डागडुजी होत नाही. ते बनत असताना आई उपाशी असली, बाळ आजारी पडलं, तर तिथं ओरखडा नाहीतर खड्डा राहतो. विहिरीच्या दगडांवर कुठल्या साली पाणी कुठवर होतं त्याची रेघ राहते ना, तसा. शिवाय दात किती आले, किती घडायचे बाकी आहेत, यावरून मुलाचं वय कळतं. मग मांडीचं हाड मोजायचं. वय चार वर्षांचं आणि हाड अडीच वर्षांच्या पोराएवढं, तर पोर खंगलेलं होतं. इनामगावच्या मुलांच्या दातांवर सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाच यांनी काम केलं, हाडांवर पुढं ग्वेन रॉबिन्स शुग यांनी. त्या हाडांवरून निघालं असं, की शेवटच्या काळातली पोरं आधीच्या पोरांपेक्षा खुरटलेली होती.

शेवटचा काळ म्हणजे इसवी सनापूर्वी १००० च्या पुढचा. त्या थरात ती ऐसपैस चौकोनी घरं मागं पडतात. लहान लहान गोल झोपड्या, तीन-चार एकत्र. गुरांची हाडं कमी, हरणांची जास्त. म्हणजे खळ्यावरचा माणूस पुन्हा रानात शिरला. का? ढवळीकर म्हणायचे, पाऊस हटला. नंतरच्या काही अभ्यासकांना वाटतं, हा मुलूख मुळातच कोरडा, त्यात पिढ्यानपिढ्या पिकवून जमीन थकली आणि खाणारी तोंडं वाढलेली. मला विचारशील तर दोन्ही एकाच वेळी होतं. पाऊस चुकला की माणूस जमिनीला जास्त पिळतो. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला गाव ओस पडलं. नऊशे वर्षं नांदलेलं गाव.

आणि मूळपुरुष? तो राहिलाच की सांगायचा. एका घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा मोठा रांजण निघाला. पोट सुटलेल्या माणसासारखा घाट. आत चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष, बसवलेल्या स्थितीत. आणि त्याचे पाय शाबूत! गावात इतरांचे तोडले आणि याचे ठेवले. म्हणजे हा कोणी मोठा असामी, पाटीलच म्हण. गावातला पहिला माणूस तो नव्हे, त्याच्या आधी कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. पण ज्याच्यासमोर उभं राहून रामराम घालता येईल असा त्या गावातला तोच.

आता तू वहीत त्याचं नाव लिहायला निघाला असशील तर थांब. तो आपल्याच घराण्यातला, असं म्हणायला काही आधार नाही, आणि मास्तर आपल्या दोघांनाही विचारतील. त्यापेक्षा सुट्टीत येरवड्याला जाऊ, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. इनामगावच्या वस्तू तिथं मांडल्यात. चौकशी आधी फोनवर करायची, रविवार बघून जायचं आणि दाराला कुलूप, असं नको. भाकरी बांधून घेऊ. ठेच्यासकट.