साठी, बुद्धी आणि पंचवीस विधाने

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण शाळेत कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना पाठ असते. यमक जुळलं की चुकीची गोष्टही जिभेवर टिकते, हे आम्हा कवींना चांगलं ठाऊक आहे.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अर्डमन पामोर यांनी १९७७ मध्ये अशाच समजुती तपासण्यासाठी पंचवीस विधानांची प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान बरोबर की चूक, एवढंच सांगायचं. बहुसंख्य वृद्ध भ्रमिष्ट असतात, हे पहिलंच विधान. उत्तर: चूक. (मूळ प्रश्नपत्रिकेत विषम क्रमांकांची सगळी विधानं चूक आणि सम क्रमांकांची बरोबर होती. हे गुपित एखाद्या कॉपीबहाद्दराला कळलं असतं, तर पैकीच्या पैकी!)

आता तुम्ही मनातल्या मनात उत्तर द्या. म्हाताऱ्या माणसाला नवं शिकायला जास्त वेळ लागतो? बरोबर. मग नवं शिकणं त्याला जवळजवळ अशक्यच असतं? चूक. या दोन उत्तरांमधल्या फटीतच आपला उतावीळपणा राहतो. मोबाइल एकदा दाखवतो, दुसऱ्यांदा हातातून काढून घेतो. वय वाढलं की माणूस अधिक धार्मिक होतो, हेही पामोर चूक ठरवतात. मशिदीत, देवळात म्हातारे जास्त दिसतात खरे. पण त्यातले बरेचसे तरुणपणीही तसेच असतात.

नर्सिंग, समाजकार्य, वैद्यक शिकणाऱ्यांना ही चाचणी पुढे अनेक ठिकाणी दिली गेली. १९८५ मध्ये दोन अभ्यासकांनी तिच्यात ‘माहीत नाही’ हा तिसरा पर्याय घातला. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. माहीत नसणाऱ्याला शिकवता येतं. चुकीचं पक्कं माहीत असणारा विचारायलाच येत नाही.

आणि असा माणूस वॉर्डात उभा असेल तर? परवापर्यंत नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बोलू लागते. लघवीतला जंतुसंसर्ग, नवं सुरू झालेलं औषध, शरीरात सोडियम कमी होणं, यांपैकी काहीही त्याचं कारण असू शकतं आणि वेळेवर उपचार झाले तर ती पुन्हा ताळ्यावर येऊ शकते. पण ‘वय झालं’ म्हणून केसपेपर मिटला, तर रक्त-लघवी तपासायची कुणी?

ही प्रश्नपत्रिका जशीच्या तशी आपल्याकडे आणण्यात मात्र अर्थ नाही. किती वृद्ध संस्थांत राहतात, किती वाहनचालकांना अपघात होतात, ही विधानं अमेरिकेच्या आकड्यांवर बेतलेली आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती आणि त्यातली बहुतेक घरातच राहतात. आपल्या मुलांना विचारायचं तर याच घरांविषयी विचारावं लागेल: औषधाचे पैसे कोण देतं, किती जणांना निवृत्तिवेतन मिळतं, दुपारी जेवताना ताटासमोर आणखी कुणी बसलेलं असतं का.