एका विद्यापीठांतील दोन भाषा



माझे वडील नांदेडला शिकले, तेव्हां आपला मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. घरीं मराठी आणि शाळेंत उर्दू. ते सांगत, “गणिताचें उत्तर मला आधीं सुचे, तें सांगायचे शब्द मागाहून येत, तोंवर मास्तर दुसऱ्या मुलाकडे वळलेले असत.” उर्दूची थोरवी मी नाकारीत नाहीं. १९१८ च्या फर्मानानें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचें मोठें धाडस केलें. परंतु मराठी मुलाला ती घरची भाषा नव्हती. ज्ञानमंदिराचा उंबरठा कोणत्या भाषेचा असावा, हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. युरोपांतील एका कॅथॉलिक विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

बेल्जियम देशांत लूव्हेन नांवाचें गांव आहे. तेथें १४२५ सालीं पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्रानें विद्यापीठ स्थापन झालें. अध्यापन लॅटिनमध्यें चाले. लॅटिन कोणाच्याच घरची नसल्यामुळें तिचा जाच सर्वांना सारखाच होता. फ्रेंच राजवटीनें १७९७ सालीं हें विद्यापीठ बंद केलें. १८३४ सालीं बिशपांनीं कॅथॉलिक विद्यापीठ नव्यानें उभारलें व पुढील वर्षीं तें लूव्हेनला आणलें. आतां लॅटिनची जागा फ्रेंचनें घेतली. भोंवतालचा शेतकरी व दुकानदार मात्र डच बोलत असे. १९११ पासून कांहीं विषय डचमधून शिकवूं लागले आणि १९३० नंतरच्या दशकांत बहुतेक अभ्यासक्रम दोन्ही भाषांत झाले.

तथापि दुजाभावाची सल गेली नाहीं. पुढें कायद्यानें देशांत भाषिक सीमा आंखली गेली व लूव्हेन डच भागांत आलें. १९६८ सालीं आंदोलन इतकें पेटलें कीं त्या वादांत देशाचें मंत्रिमंडळ कोसळलें. अखेर चुली वेगळ्या झाल्या. फ्रेंच शाखेसाठीं नवें नगरच वसविण्यांत आलें; १९७१ सालीं त्याची कोनशिला बसली. १९१४ सालीं जर्मन सैन्यानें जाळलेलें आणि १९४० सालीं पुन्हां भस्मसात् झालेलें ग्रंथालय दोन्ही वेळां उभें राहिलें होतें. तें आतां भावांनीं वांटून घेतलें. विषम क्रमांकांचे ग्रंथ एकाकडे, सम क्रमांकांचे दुसऱ्याकडे!

याच लूव्हेनचे एक पदवीधर आपल्या परिचयाचे आहेत. फादर कामिल बुल्के तेथें स्थापत्यशास्त्र शिकले. विद्यार्थिदशेंत फ्रेंचच्या वर्चस्वाविरुद्ध ते मातृभाषेच्या बाजूनें उभे राहिले. १९३५ सालीं ते भारतांत आले आणि अलाहाबाद विद्यापीठांत रामकथेवरील प्रबंध हिंदींतूनच सादर करण्याचा त्यांनीं आग्रह धरला. तो मान्यही झाला. स्वभाषेचा अपमान ज्यानें सोसला, त्याला परक्याच्या भाषेचा मान कळला.

आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं औरंगाबादेस निघालें. नांदेडचें विद्यापीठ १९९४ च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिदिनीं, स्थापन झालें. विद्यापीठ दाराशीं आलें, पण नांदेड-लातूरच्या मुलापुढें आज इंग्रजीचा उंबरठा आहेच. इंग्रजी त्यानें अवश्य शिकावी. मात्र उत्तर ठाऊक असूनही शब्दांअभावीं तो गप्प बसला, तर दोष त्याच्या बुद्धीला देऊं नये, एवढेंच या जुन्या मास्तराचें मागणें आहे.

माझे वडील अखेरपर्यंत उर्दू शेर आवडीनें म्हणत. हिशेब मात्र मराठींतच करीत.