एचआयव्हीची गोळी सुरू आहे आणि झोप येत नाही? गोळी बंद करू नका

रात्रभर कूस बदलायची, सकाळी डोकं जड, आणि गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते.

असं का होतं? दिवसभरातल्या गोष्टी मेंदू झोपेत पक्क्या करतो. झोप मोडली की विसरायला होतं. काळजी, नैराश्य, दारू यांनी झोप उडते. कधी औषधाचाही हात असतो. एआरटी सेंटरवर मिळणाऱ्या टीएलडी गोळीत डोल्युटेग्राविर असतं, त्याने काहींची झोप कमी होते.

खरा धोका पुढे आहे. विसरून गोळ्या चुकत गेल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होतो.

काय कराल?

- गोळी रात्री घेत असाल तर सकाळी चालेल का, हे सेंटरच्या डॉक्टरांना विचारा.
- मोबाईलवर रोज एकाच वेळेचा गजर लावा.
- संध्याकाळनंतर चहा टाळा.
- मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका.
- विसरणं वाढतच असेल तर तपासणी करून घ्या.

सांगायला लाजू नका. २०१७ च्या कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.