स्नो स्कूटर: निघण्याआधीची तपासणी

मित्रांनो, सियाचीनच्या फोटोंमध्ये बर्फावरून धावणारी एक छोटी गाडी तुम्ही पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी ट्रॅक आणि मोटरसायकलसारखे हँडल. आपल्या सैन्यात तिला स्नो स्कूटर म्हणतात. १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झाले, तेव्हापासून आपले जवान या हिमनदीवर तैनात आहेत. तिथे सामान पोहोचवण्यासाठी आणि आजारी जवानाला खाली आणण्यासाठी ही गाडी उपयोगी पडते.

ही गाडी घडवणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅनडातील मेकॅनिक जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, त्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बॉम्बार्डिए यांनी बर्फावर चालणाऱ्या वाहनांचे काम सोडले नाही. १९३७ मध्ये त्यांना ट्रॅकच्या यंत्रणेचे पेटंट मिळाले आणि १९५९ मध्ये त्यांची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली. म्हणजे माणूस वेळेवर दवाखान्यात पोहोचणे, हा या गाडीचा पहिल्यापासूनचा उपयोग आहे. मग ती वाटेत बंद पडून कशी चालेल? बर्फात गॅरेज नसते. त्यामुळे चालवणाऱ्यालाच तिची देखभाल यायला हवी.

बेल्ट

बहुतेक स्नो स्कूटरना आपल्या मोटरसायकलसारखे गिअर नसतात. दोन पुली असतात आणि त्यांच्यामध्ये एक रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्यामुळे गाडीचा वेग वाढतो. इंजिन कितीही दणकट असले तरी त्याची सगळी ताकद या एका बेल्टमधून जाते.

बेल्ट पाहण्यासाठी आधी इंजिन बंद करून किल्ली काढायची, मगच झाकण उघडायचे. बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, दाते तुटले असतील किंवा आतले दोरे सुटले असतील, तर तो बदलायचा. रुंदी कॅलिपरने मोजायची. ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरली, तर वरून चांगला दिसणारा बेल्टही बाद समजायचा.

बेल्ट जळण्याचे एक कारण साधे आहे. रात्रभर उभ्या गाडीचा ट्रॅक बर्फाला चिकटतो. तसाच जोरात ॲक्सिलरेटर दिला, तर ट्रॅक हलत नाही आणि फिरणारी पुली बेल्टला एकाच जागी घासते. म्हणून आधी स्की हलवून आणि गाडीची मागची बाजू उचलून ट्रॅक मोकळा करायचा. नवा बेल्ट सुरुवातीचे साधारण ५० किलोमीटर बेताने चालवायचा. एक जादा बेल्ट कायम सोबत हवा.

ट्रॅक आणि स्लाइड

ट्रॅक आतून प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्यांवर सरकतो. त्यांना स्लाइड म्हणतात. त्यांना ग्रीस लावत नाहीत, उडणारा भुसभुशीत बर्फच त्यांचे वंगण असतो. पाण्याने थंड होणाऱ्या बऱ्याच इंजिनांचा रेडिएटरही ट्रॅकच्या वर असतो आणि त्याच बर्फाने थंड राहतो. म्हणून टणक बर्फावर किंवा उघड्या जमिनीवर गाडी फार वेळ पळवली, तर स्लाइड वितळतात आणि इंजिन तापते.

ट्रॅकचा ताणही तपासावा. सैल ट्रॅक दात्यांवरून उड्या मारतो, तर फार घट्ट ट्रॅक इंजिनाची ताकद खातो.

प्लग आणि जेट

प्लग काढून त्याचा रंग पाहा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. अशाने पिस्टनला भोकही पडू शकते.

इथे आपले भौतिकशास्त्र कामी येते. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवा विरळ, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट लहान लागतो. उलट थंडीत हवा दाट होते, म्हणून जेट मोठा लागतो. उंची आणि तापमान दोन्ही पाहून, मॅन्युअलमधल्या तक्त्यावरून जेट निवडावा लागतो.

नवा भाग घेताना

नुसते दिसण्यावर जाऊ नये, भागाचा क्रमांक पाहावा. एनजीके कंपनीचे बीआर८ईएस आणि बीआर९ईएस हे दोन प्लग एकाच आटीत बसतात. पण ९ आकड्याचा प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतो. जिथे ९ हवा तिथे ८ लावला, तर गाडी सुरू होईल, पण जास्त भार आला की तो प्लग फार तापेल. बेल्टचेही तसेच. लांबी तीच असली तरी रुंदी किंवा कडांचा कोन वेगळा असेल, तर तो पुलीत नीट बसत नाही. ऑइलही कडक थंडीत पातळ राहणारे आणि इंजिन टू-स्ट्रोक असेल तर टू-स्ट्रोकचेच घ्यावे.

मित्रांनो, यातली रोजची तपासणी काही मिनिटांची आहे. बेल्ट पाहणे, ट्रॅक मोकळा करणे, जादा बेल्ट, प्लग आणि पाना सोबत असल्याची खात्री करणे. आपण इन्स्पेक्शनसाठी बूट चमकवतो, ते उस्तादांना दिसतात. ही तपासणी करताना मात्र कोणी पाहत नसते. पण वर चौकीत आजारी पडलेला जवान गाडीची वाट पाहत असेल, तर त्याच्यासाठी ही काही मिनिटे फार मोलाची आहेत.