छोट्या रुळांवरचे खरेखुरे शंटिंग

छोटी रेल्वे म्हटली की गोलाकार रुळांवरून न थांबता फिरणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिका आणि ब्रिटनमधील हौशी मंडळींचा एक वर्ग मात्र गाडी नुसती फिरवण्यात समाधान मानत नाही. मालगाडीतील नेमकी वाघीण सोडवून कारखान्याच्या साइडिंगवर नेणे आणि तेथील रिकामी वाघीण परत आणणे, म्हणजेच शंटिंग, हाच त्यांचा खरा खेळ असतो.

त्यातील मुख्य अडचण साइडिंगच्या दिशेची आहे. साइडिंगचा सांधा मागे टाकून गाडी पुढे गेली, तर वाघीण मागे ढकलून आत ठेवता येते. साइडिंग गाडीच्या दिशेनेच पुढे फुटत असेल, तर मात्र आधी इंजिनच आत शिरून अडकेल. अशा वेळी शेजारच्या लूप लाइनवरून इंजिन वाघिणीच्या मागच्या टोकाला आणावे लागते. प्रत्यक्ष रेल्वेतही हेच करतात.

कोणती वाघीण कोठे न्यायची, हे अमेरिकेत बहुधा कार्डांवरून ठरते. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते आणि त्याच्या खिशात मालाची चिठ्ठी खोचलेली असते. चिठ्ठीवर सहसा चार मुक्काम लिहिलेले असतात. दर खेपेनंतर ती फिरवली की नवा मुक्काम समोर येतो. त्यामुळे वाघिणीच्या प्रत्येक हालचालीला व्यापारी कारण मिळते.

शंटिंगचे निव्वळ कोडेही लोकप्रिय आहे. ब्रिटनमधील ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक’ आराखड्यात तीन साइडिंग असतात. त्यांत अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात. आठ वाघिणींपैकी पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम संभवतात. तरीही हा सारा पसारा भिंतीलगतच्या एका फळीवर मावतो. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांचे ‘टाइमसेव्हर’ हे कोडे १९७२ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात प्रसिद्ध झाले. त्यात घड्याळाशी स्पर्धा असते.

वास्तवाचा आग्रह धरणाऱ्यांचे मतभेद नेमके येथेच सुरू होतात. कोणतीही रेल्वे आपले यार्ड मुद्दाम अवघड बांधत नाही आणि शंटिंग करणारे कर्मचारी शर्यत लावत नाहीत. वाघीण जोडण्यापूर्वी थांबणे, हातब्रेक सोडणे, ब्रेकचे नळ जोडून हवेचा दाब येऊ देणे, सांधा पुन्हा मुख्य मार्गाला लावणे, या प्रत्येक कामाला वेळ लागतो. १:८७ प्रमाणाच्या छोट्या वाघिणीला ब्रेकचा नळ जोडावा लागत नाही. तरीही ही मंडळी तेवढा वेळ इंजिन थांबवून ठेवतात आणि माणूस पायी चालेल इतक्याच वेगाने ते हलवतात. दोघांपैकी एक जण कंडक्टर होऊन क्रम ठरवतो, तर दुसरा इंजिन चालवतो.

या पद्धतीत तीन-चार साइडिंगवरील कामालाही तासभर पुरतो. जागा कमी असलेल्या शहरी घरांसाठी ही जमेची बाजू आहे. शिवाय मालगाडी वाटेतल्या स्थानकावर इतका वेळ का खोळंबते, याचे उत्तरही त्यातून मिळते.